एक्सबॉक्स सिरीज एस: डबल नॅट गेला, स्ट्रिक्ट मात्र ठाण मांडून

मागच्या अपडेटमध्ये सांगितलेली, राउटरपासून मागच्या खोलीतल्या कन्सोलपर्यंत टाकलेली लॅन केबल झकास चालतेय, हे आधी सांगतो. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जुन्या घराच्या भिंती इतक्या जाड की हॉलमधला पाच गिगाहर्ट्झचा वायफाय मागच्या खोलीत पोहोचतच नव्हता. आता एक गिगाबिट लिंक आहे आणि डाउनलोड सुसाट. सिल्व्हर मॉलमध्ये केबल घ्यायला जाल तर तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल नको म्हणून स्पष्ट सांगा. दुकानदार 'सेम है भिया' म्हणतो. सेम नसतं.

दुखणं वेगळंच आहे. नवं फायबर आल्यापासून कन्सोलवर 'नॅट टाइप: स्ट्रिक्ट' आलाय तो हलायला तयार नाही. नॅट म्हणजे घरातल्या सगळ्या यंत्रांना बाहेर एकाच पत्त्याने दाखवणारी राउटरची सोय; ती खेळाच्या किती आडवी येते ते हा टाइप सांगतो: ओपन, मॉडरेट किंवा स्ट्रिक्ट. बडोद्याच्या मावसभावाच्या लॉबीत (ऑनलाइन खेळाच्या खोलीत) शिरायला गेलो की चक्र फिरत राहतं आणि मी बाहेर. त्याचाही स्ट्रिक्टच, म्हणजे विषय संपला. ओपनचं सगळ्यांशी जमतं, मॉडरेटचं ओपनशी आणि दुसऱ्या मॉडरेटशी, स्ट्रिक्टचं फक्त ओपनशी.

सुरुवातीला कन्सोल 'डबल नॅट', म्हणजे एकामागे एक दोन नॅट, दाखवत होता. कारण उघड होतं: फायबरवाल्यांचा डबा स्वतःच राउटर, त्याच्यामागे माझा ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त प्रणाली) टाकलेला. डबा ब्रिज मोडमध्ये टाका, म्हणजे तो राउटरचं काम सोडून नुसती लाइन पुढे देईल, असं म्हटलं, तर आलेला मुलगा म्हणे, 'भिया, सब ऑटोमॅटिक है.' ॲडमिनचा पासवर्ड द्यायचा नाही, आणि ऑटोमॅटिक म्हणे! शेवटी फोनवर एक जाणकार माणूस भेटला. त्याने तिकडूनच ब्रिज केलं, लाइनसाठी लागणारा व्हीलॅनचा नंबर दिला, पीपीपीओई (कंपनीच्या लाइनवरचं लॉगिन) माझ्या राउटरवरून डायल झालं. कन्सोलवर टेस्ट मारली तर डबल नॅटची सूचना गायब. बाबांना हाक मारून दाखवलं. ते म्हणाले, 'मग आता बडोदा लागतंय का?'

लागत नव्हतं. डबल गेला, स्ट्रिक्ट राहिला.

इथून पुढे डोकं पिकलं. यूपीएनपी (कन्सोलने मागितले की राउटरचे पोर्ट, म्हणजे आत यायची दारं, आपोआप उघडणारी सोय) चालू होतंच. एक्सबॉक्सचा पोर्ट यूडीपी ३०७४ हाताने कन्सोलकडे फॉरवर्ड केला, काही फरक नाही. पॉवर बटण दहा सेकंद दाबून कन्सोल पूर्ण बंद-चालू केला. एमटीयूचा (डेटाच्या एका पाकिटात किती बाइट मावतात त्याचा) संशय होता, पण पीपीपीओईवर १४९२ मिळतोय आणि एक्सबॉक्सला किमान १३८४ लागतो, म्हणजे तेही नाही. ॲडव्हान्स्ड सेटिंगमधला पर्यायी पोर्टही बदलून पाहिला. तो एका घरात दोन कन्सोल भांडत असतील तर कामाचा, माझ्याकडे एकच आहे.

मग राउटरचा लॉग उघडला आणि सापडलं. यूपीएनपीची सेवा (मिनीयूपीएनपीडी) तिथे निमूटपणे लिहीत बसली होती: वॅनचा (राउटरच्या बाहेरच्या बाजूचा) पत्ता खासगी किंवा राखीव आहे, पोर्ट फॉरवर्डिंग शक्य नाही. कंपनीच्या डब्याने असं कधी सांगितलं असतं? ओपनडब्ल्यूआरटी टाकायला घेतलेले कष्ट या एका ओळीने वसूल झाले. वॅनचा आयपी पाहिला तर १००.७२ने सुरू होणारा. ब्राउझरमध्ये 'माझा आयपी' पाहिला तर भलताच आकडा.

म्हणजे सीजीनॅट, कंपनीने अनेक गिऱ्हाइकांना मिळून लावलेला नॅट. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा २०१२ साली नेमका याच कामासाठी राखून ठेवला. आशियाच्या वाट्याचे मोकळे आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचे) पत्ते एप्रिल २०११ मध्येच संपत आले होते, तेव्हा कंपन्या तरी काय करणार! अख्ख्या वाड्याला एकच पत्ता आणि आतल्या बिऱ्हाडांची नावं फक्त कंपनीच्या दरवानाला ठाऊक. माझ्या राउटरवर कितीही पोर्ट उघडा, दरवान बाहेरच्या फाटकावर अडवणारच. डीएमझीचा (सगळे पोर्ट एकाच यंत्राकडे वळवायचा) सल्ला देणाऱ्यांनो, तोही इथे फुकट.

उपाय म्हणजे वर्षाचे पैसे भरून स्टॅटिक आयपी, आपल्या एकट्याचा कायमचा पत्ता. तो मागवायच्या तयारीत होतो, तेवढ्यात राउटरच्या त्याच पानावर खाली आयपीव्ही६चा (पत्त्यांच्या नव्या पद्धतीचा) प्रीफिक्स, म्हणजे पत्त्याचा सुरुवातीचा भाग, दिसला. फुकटात मिळतोय! एक्सबॉक्स वन २०१३ साली आला तेव्हापासूनच या घराण्याला आयपीव्ही६ आवडतं, आणि त्यात नॅटची भानगडच नाही. फक्त ओपनडब्ल्यूआरटी बाहेरून येणारं आयपीव्ही६ मुळात अडवतं, म्हणून कन्सोलसाठी यूडीपी ३०७४चा नियम लिहिला. लाइन तुटून जोडली की प्रीफिक्स बदलतो, त्यामुळे नियम पत्त्याच्या शेवटच्या ६४ बिटांवर बांधला. पुण्याच्या एका मित्राकडे आयपीव्ही६ आहे. त्याच्या लॉबीत पहिल्याच फटक्यात शिरलो. काय गोड वाटलं सांगू!

बडोदं मात्र अजून बंद. भावाच्या कंपनीकडे आयपीव्ही६ नाही आणि त्याला राउटरला हात लावायची हिंमत नाही. 'दादा, तूच काहीतरी कर ना.'

हे लिहितानाच आणखी एक गोष्ट डोक्यात आली. दोघांनी ओपन व्हायची गरजच नाही. मी एकटा ओपन झालो तर त्याचा स्ट्रिक्ट माझ्याशी जुळणारच. म्हणजे स्टॅटिक आयपी एकच लागेल आणि पैसे दोघांत वाटता येतील. त्याला लगेच मेसेज टाकला. अर्धे द्यायला तयार झालाय, पण पैसे मावशीकडून आल्यावर. आयपी आल्यावर वॅनचा आकडा आणि ब्राउझरमधला आकडा जुळतोय ना, हे आधी बघेन आणि मगच टेस्ट मारेन. आयपीव्ही६चा नियम आहे तसाच ठेवणार.