दुसरी दाखवा

पडदा मोठा दणदणीत होता. तपकिरी, जाडजूड, छतापासून थेट जमिनीपर्यंत. दोन दिवस मी सकाळी सातला बाहेर पडत होतो आणि रात्री दहाला परतत होतो, त्यामुळे त्याच्याशी माझा संबंधच आला नव्हता. तिसऱ्या दिवशी यंत्रांचं प्रदर्शन लवकर आटपलं. दुपारी चारला खोलीवर आलो, घामाने भिजलेला शर्ट खुर्चीवर टाकला आणि जरा उजेड यावा म्हणून पडदा सर्रकन बाजूला ओढला.

मागे भिंत.

शेजारच्या इमारतीची असती तर तेवढंही मी चालवून घेतलं असतं. ही आमच्याच खोलीची भिंत होती, बाकीच्या तिघींसारखीच फिकट पिवळी. मी उगाच तिच्यावरून हात फिरवून बघितला, कुठेतरी कडी सापडेल म्हणून.

खाली काउंटरवरच्या मुलीला विचारलं, तर ती गोड हसून म्हणाली, ‘नो विंडो. चीप.’ विषय संपला. बँकॉकच काय, सिंगापूरला, क्वालालंपूरलाही बिनखिडकीच्या खोल्या राजरोस कमी भाड्यात देतात. चूक माझीच. बुकिंग करताना फोटोत पडदा दिसला, आणि पडदा आहे म्हणजे खिडकी असणारच असं मी धरून चाललो. रात्रीचे ९०० बाट, म्हणजे आपले सव्वादोन हजाराच्या आसपास. कंपनीने याहून जास्त मंजूर केलं नव्हतं. तेवढ्यात गार एसी, पांढऱ्या स्वच्छ चादरी, चहाची किटली आणि संडासात चक्क जेट. परदेशात मराठी माणसाला आणखी काय लागतं?

खिडकी लागते. निदान आमच्या घराण्यात.

आम्ही चिपळूणचे. अण्णा पोस्टात होते आणि वर्षातून एकदा आम्हाला कोल्हापूरला अंबाबाईला घेऊन जायचे. पहाटेची एसटी. कुंभार्ली घाट, पाटण, कराड करत कोल्हापूर. आईला गाडी लागायची, म्हणून खिडकी कायमची आईची. तिच्या हातात लिंबू, शेजारी मांडीवर धाकटी बहीण, आणि अण्णा अगदी कडेला, अर्धे सीटवर आणि अर्धे मधल्या वाटेत. घाटात सगळी गाडी डावीकडे वळून बघत असे तेव्हा अण्णांना समोरच्या माणसाची टोपी दिसायची. माझा असा कयास आहे की त्या सात-आठ तासांचं उट्टं ते लॉजवर काढायचे.

कोल्हापूरला स्टँडच्या आसपास तेव्हा बरीच लॉजं होती. आम्ही वळकटी आणि पत्र्याची ट्रंक घेऊन खाली बाकड्यावर बसायचो. मॅनेजर रजिस्टर पुढे सरकवायचा. अण्णा ते तसंच परत सरकवायचे. ‘आधी खोली बघू.’ मग किल्ल्यांचा जुडगा घेतलेला पोऱ्या पुढे, अण्णा मागे, आणि थोरला म्हणून अण्णांच्या मागे मी.

ती पाहणी सरकारी होती. आधी दाराची कडी आतून लावून बघायची. मग पंखा एक ते पाच, सगळ्या आकड्यांवर. मग नळ, पाणी आलं तर किती आलं, नाही आलं तर कधी येणार. मग गादीचा कोपरा उचलून शिवणीत ढेकूण. ‘गरम पाणी सहा ते आठ,’ पोऱ्या कंटाळून सांगायचा, तिकडे अण्णांचं लक्ष नसायचं, कारण आता ते खिडकीपाशी पोचलेले असायचे. दोन्ही दारं उघडायची, गजांना हात लावायचा, बाहेर डोकावायचं आणि बराच वेळ काहीच बोलायचं नाही. मग वळून म्हणायचं, ‘दुसरी दाखवा.’

पहिली खोली त्यांनी कधी घेतलेली मला आठवत नाही. पहिली कितीही चांगली असली तरी दुसरी बघायचीच. एकदा दुसरी बघून, तिसरी बघून, आम्ही शेवटी पहिलीच घेतली होती. तेव्हा पोऱ्याने अण्णांकडे ज्या नजरेने बघितलं ती मी अजून विसरलेलो नाही.

त्यांना खिडकी रस्त्याकडेच हवी असायची. मागच्या बाजूची शांत खोली लोक मागून घेतात, अण्णा ती नाकारायचे. एका वर्षी नवरात्राच्या गर्दीत आम्हाला अशी खोली मिळाली की खाली सबंध स्टँड. रात्रभर भोंगा. ‘सांगली-मिरज गाडी फलाटाला लागलेली आहे.’ आई उशी कानावर घेऊन पडली होती, आणि अण्णा लुंगी-बनियनवर खिडकीत स्टूल टाकून बसले होते. कुठली गाडी कुठे चालली, कोणाचं सामान टपावर चढलं, कोणता कंडक्टर चहा पितोय.

‘तुम्हाला झोपायला खोली हवी का बघायला?’ आई अंधारातून म्हणाली.

‘पैसे दोन्हीचे दिलेत,’ अण्णा म्हणाले.

खोली ठरली की रजिस्टर. नाव, गाव, कुठून आलात, कुठे जाणार, आणि शेवटचा रकाना, येण्याचं कारण. अण्णा तिथे नेहमी एकच शब्द लिहायचे: देवदर्शन. काकांच्या जमिनीच्या खटल्याची तारीख असली तरी देवदर्शन. आतेबहिणीसाठी सोलापूरला मुलगा बघायला गेलो, तिथेही देवदर्शन. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘असं लिहिलं की पुढचे प्रश्न येत नाहीत.’

हा उपाय मला यावेळी फार उपयोगी पडला असता. बँकॉकला निघालोय म्हटल्यावर ऑफिसात एकेकाच्या भुवया ज्या काही वर गेल्या! ‘एकटाच? वा वा.’ पॅकिंगच्या यंत्रांचं प्रदर्शन आहे, असं मी सांगायचो, आणि जितकं जास्त सांगावं तितकं ते खोटं वाटायचं. सोसायटीतले एक काका तर नुसते डोळा मारून लिफ्टमध्ये शिरले. अशांना देवदर्शन म्हणून सांगितलं असतं तर लिफ्टच बंद पडली असती.

आणि गंमत म्हणजे देवदर्शन झालं. चितलोम स्टेशनाजवळ, वरून स्कायट्रेनचे रूळ, चारी बाजूंनी मॉल आणि त्या सगळ्याच्या कोपऱ्यात चतुर्मुख ब्रह्मदेव. याला एरावानचं देऊळ म्हणतात. एरावान म्हणजे आपला ऐरावत. तिथे सरकारी एरावान हॉटेल बांधायला घेतलं तेव्हा एकामागून एक अपघात होऊ लागले, पायाचा मुहूर्तच चुकला असं ज्योतिषाने सांगितलं, आणि मग १९५६ साली ब्रह्मदेवाची स्थापना झाली. ते मूळ हॉटेल पुढे पाडलंसुद्धा, देव राहिला. आपल्याकडे पुष्करसारखा अपवाद सोडला तर ब्रह्मदेवाला कोण विचारतं? इथे झेंडूच्या माळांचे ढीग, लाकडी हत्ती, उदबत्त्यांचा धूर. नवस फेडायला आलेली माणसं पैसे भरतात आणि मुकुट घातलेल्या नर्तकी त्यांच्या वतीने नाचतात. हॉटेल नीट उभं राहावं म्हणून ज्याला बसवलं तो देव! त्याच्यापुढे हात जोडताना मला खिडकीचं ठाऊक नव्हतं, नाहीतर तेवढं बोलून आलो असतो.

तशी देवांची या शहरात काही कमी नाही. आमच्या हॉटेलच्या दारातही एका खांबावर छोटंसं सोनेरी घर आहे. ते भूमीच्या देवतेचं, फ्रा फूम. हा ‘फूम’ म्हणजे आपली भूमी, हे मला विमानतळावरच कळलं होतं, कारण सुवर्णभूमी लिहिलेलं असतं आणि म्हणताना ते ‘सुवन्नफूम’ होतं. जागेवर माणसाने घर बांधलं की तिथल्या मूळ रहिवाशाची सोय करावी लागते, म्हणून हे घर. आपणही वास्तुशांत करतो, पण वास्तुपुरुषाला कोपऱ्यात पुरून वर फरशी बसवतो आणि पुढे विसरून जातो. इथल्याला रोज ताजा हार, छोट्या वाटीत भात आणि लाल फँटाची बाटली. तीही झाकण काढून, स्ट्रॉ घालून. त्याच्या घरावर मोठ्या इमारतीची सावली पडू नये असंही मानतात. परत वर येताना मी जरा थांबून आत डोकावलो. समोरून सताड उघडं. वारा खेळता. माझ्यापेक्षा त्याची खोली पुष्कळ बरी होती.

आणि या शहराचं नाव काय आहे तर बघा. बँकॉक हे आपण परके म्हणतो. ते स्वतः क्रुंग थेप म्हणतात, देवांचं नगर. पूर्ण नाव म्हणायचं तर एका दमात जमत नाही; जगातलं सगळ्यात लांब गावाचं नाव म्हणून ते प्रसिद्ध आहे. पहिला राम नावाच्या त्यांच्या राजाने १७८२ मध्ये इथे राजधानी वसवली, त्यानंतरचा हा थाट. महानखोन, आमोन, रत्तनकोसिन, अयुथया, नोप्परत, राचथानी... नीट कान देऊन ऐकलं तर सत्यनारायणाच्या पूजेला बसल्यासारखं वाटतं. महानगर, अमर, रत्न, अयोध्या, नवरत्न, राजधानी. शेवटाकडे येतं ते असं की हे शहर शक्राने दिलं आणि विश्वकर्म्याने उभारलं. शक्र म्हणजे इंद्र. त्यानेच देणगी दिलेली आणि खुद्द विश्वकर्मा कंत्राटदार. अशा ठिकाणी चौथ्या मजल्यावर एक खिडकी राहून जावी!

खिडकीची हौस मी काल होडीत भागवली होती, ते नंतर लक्षात आलं. सेन सेप नावाचा कालवा आहे, १८३७ साली खोदायला घेतलेला. त्यात लांबच लांब होड्या बसगाड्यांसारख्या धावतात. कंडक्टर डोक्यावर हेल्मेट घालून होडीच्या अगदी काठाच्या फळीवरून चालत तिकिटं फाडतो, कारण पूल ठेंगणे आहेत. पाणी काळं आणि वासाचं. समोरून दुसरी होडी आली की ते अंगावर उडतं, म्हणून कडेला ताडपत्री असते आणि ती वर ओढायला दोरी. दोरी ज्याच्या जवळ, त्याने ती ओढायची. होडी गेली की सोडायची. मला कडेची जागा मिळाली आणि तीन स्टॉप माझ्याकडे ती ड्यूटी आली. शेजारच्या बाईने दोनदा बोटाने खूण करून मला भानावर आणलं, कारण मी बघण्यात गुंगलो होतो. मागच्या परसात वाळत घातलेले कपडे, कुंड्या, कालव्याकडे पाय सोडून जेवणारा म्हातारा. परळ-दादरच्या मधे लोकलमधून दिसतात तसली घरांची पाठ. पुढून सगळी शहरं सारखीच नटलेली असतात, मला पाठच बघायला आवडते. हा अण्णांचाच दोष उतरलाय.

तर पडदा पुन्हा लावला. उघडा ठेवून भिंत बघण्यात काय अर्थ? चहा केला, आईने दिलेल्या डब्यातला चिवडा काढला आणि घरी फोन लावला. इथे साडेपाच झाले होते, म्हणजे तिकडे चार. आई म्हणाली, ‘आत्ताच उठलेत, देते.’

‘पोचलास का?’ हा प्रश्न ते रोज विचारतात. परवाच पोचलो असं मी रोज सांगतो.

‘खोली बरी आहे?’

‘बरी आहे.’

‘बघून घेतलीस ना?’

‘घेतली.’

‘खिडकी?’

‘आहे की.’ हे तोंडातून निघूनच गेलं. ‘मोठी आहे. छतापासून खालपर्यंत.’

‘रस्त्याकडे?’

‘हो, रस्त्याकडेच.’

‘काय दिसतं?’

मी पडद्याकडे बघितलं. आणि कशी कोण जाणे, कोल्हापूरची कुठलीच खिडकी नाही आठवली, आमची घरचीच आठवली. अण्णांच्या खोलीची, बाजाराच्या रस्त्याकडे उघडणारी. गेल्या पावसाळ्यात ते पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि घरी आणल्यावर आम्ही त्यांची कॉट खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीला लावली. तिथून संडास चार पावलांवर पडतो. शिवाय झड येते, धूळ येते. सगळ्यांना पटलं. मीच एका बाजूने कॉट धरली होती. अण्णा खुर्चीत बसून बघत होते. कॉट लागली, चादर घातली, मग आम्ही त्यांना धरून आणलं आणि ते मुकाट्याने आडवे झाले. भिंतीकडे तोंड करून. पंख्याचे आकडे नाही बघितले, गादीचा कोपरा नाही उचलला, काही म्हणालेही नाहीत.

‘अरे, काय दिसतं?’

‘खाली गल्ली आहे, अण्णा. दोन टुकटुक उभ्या आहेत, आपल्या रिक्षांसारख्याच, पण मागून उघड्या. ड्रायव्हर झोपलाय एक.’

‘दुसरा?’

‘दुसरा... दुसरा गाडी पुसतोय.’

‘आणि?’

‘कोपऱ्यावर बाई आहे एक. केळी भाजतेय निखाऱ्यावर.’

‘गिऱ्हाईक आहे का?’

‘आहेत दोघं-तिघं. एक शाळेतली मुलगी आहे. पाठीवर दप्तर.’

‘पाऊस?’

‘येईल असं वाटतंय. अंधारून आलंय.’

ते जरा सरकून बसले असावेत, कॉट करकरली. मी चिवड्याचा डबा बाजूला ठेवला.

‘हं,’ अण्णा म्हणाले. ‘अजून सांग.’