आमची वाटचाल : आवाज उतरवण्याचे भाडे

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात वडिलांनी ध्वनिव्यवस्थेचा धंदा सुरू केला, तेव्हा एक ॲम्प्लिफायर, दोन भोंगे आणि मोटारीची एक बॅटरी एवढेच भांडवल त्यांच्यापाशी होते. जत्रेतली नाटके, चवथीच्या घुमट वाद्यावरच्या आरत्या, भजनी सप्ताह आणि लग्ने यांवर घर चालले. मी धंद्यात आल्यावर भोंगे गेले, बेसचे मोठे खोके आले, पाठोपाठ कर्ज आले, आणि आमचा आवाज पलीकडच्या वाड्यावर ऐकू जातो हीच आमची जाहिरात झाली. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागले, तेव्हाही आम्ही कुरकुरत घड्याळ पाहायला तेवढे शिकलो. आवाज मुळात किती असावा, हा प्रश्न मनाला शिवला नव्हता.

तो पुढे आला बार्देशातल्या एका बागायतीत. तेथे घोडेस्वारीच्या माध्यमातून मुलांवर उपचार होतात आणि त्यांत स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुले बरीच असतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2007 साली ठरवल्याप्रमाणे 2 एप्रिल हा जागतिक स्वमग्नता जागृती दिन 2008 पासून पाळला जातो; त्या निमित्ताने पालकांनी आणि गावकऱ्यांनी मिळून तबेल्यापुढच्या अंगणात संगीत महोत्सव भरवायचे ठरवले. गावचे भजनी मंडळ, चर्चमधले गायकवृंद, व्हायोलिन वाजवणारी शाळकरी मुले असा कार्यक्रम होता. आम्ही नेहमीसारखा टेम्पो भरून गेलो.

चाचणी चालू असताना आमच्याकडचा कामाचा पोरगा माईक हातात घेऊन स्पीकरपुढून चालत गेला आणि माईकने कर्कश शिट्टी मारली. कठड्याला बांधलेली घोडी मागच्या पायांवर उभी राहिली, दोर तुटला. तिच्या पाठीवर कोणी नव्हते, हे नशीब. पण आंब्याखाली बसलेली सात-आठ वर्षांची एक मुलगी दोन्ही कान दाबून जमिनीवर आडवी झाली, ती अर्धा तास उठली नाही. तिच्या आईने आम्हाला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि तेच अधिक लागले.

तिथल्या प्रशिक्षिकेने त्या दिवशी मला जे समजावले, ते यंत्रांच्या माहितीपत्रकात कुठेच नव्हते. माणसाला साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो, घोड्याला 33 पर्यंत. घोडा चालतो तेव्हा त्याची पाठ वर-खाली, डावी-उजवीकडे आणि मागे-पुढे हलते आणि स्वाराच्या कमरेला आपल्याच चालण्यासारखी लय मिळते; मूल त्या लयीत स्थिरावत असताना अचानक आलेला आवाज सगळे मोडून टाकतो. पोलिओने पाय अधू झालेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये अश्वारोहणाचे रौप्यपदक जिंकले, आणि त्यानंतर या उपचाराकडे युरोपचे लक्ष वळले, हेही तिनेच सांगितले.

पुढच्या वर्षी आम्ही मांडणी मुळापासून बदलली. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. म्हणजे दोन मोठ्या स्पीकरांनी शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे, तर पहिल्या रांगेचे कान फुटणार. म्हणून बारा लहान स्पीकर झाडांच्या बुंध्यांपाशी, तबेल्याकडे पाठ करून आणि प्रत्येक अगदी हळू लावला. जनरेटर चिऱ्याच्या भिंतीआड नेला. प्रत्येक गाणे शून्यातून सावकाश चढवायचे, असे ठरले. ज्याला गलबला सोसणार नाही त्याच्यासाठी दूर एक शांत तंबू आणि कान झाकणारे हेडफोन ठेवले. गावच्या पोरांना शिगम्यातले ढोल-ताशे आणायचे होते. आम्ही नाही म्हटले, ती रुसली. घुमट मात्र माईकविना वाजले. ते 2019 पासून राज्याचे वारसा वाद्य आहे, आणि पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवले जाणारे ते मातीचे भांडे आता बकऱ्याच्या कातड्याने मढवतात. टाळ्यांऐवजी सर्वांनी हात वर करून हलवायचे होते. भजनीबुवांना हे कोणी सांगितलेच नव्हते. गजर संपवून त्यांनी समोरच्या निःशब्द हातांकडे पाहिले आणि पेटीवाल्याला हळूच विचारले, ‘‘आमचे काही चुकले काय?’’

या कामाचे बिल मोठे होते, कारण लहान स्पीकर जास्त, वायर जास्त, पोरेही जास्त. ‘‘आवाज कमी, मग भाडे कमी नको का?’’ असे आजही गिऱ्हाईक विचारते आणि मला दरवेळी तेच गणित मांडावे लागते. तरीही वृद्धाश्रम, लहान शाळा आणि घरगुती मैफली यांची कामे त्यानंतर येऊ लागली. बेसचे चार खोके विकून मी कर्जाचा उरलेला हप्ता फेडला. वडिलांना ते आवडले नाही; चार दिवस ते गोदामात फिरकले नाहीत.

त्याच दुसऱ्या वर्षी बाराएक वर्षांचा, न बोलणारा एक मुलगा माझ्यामागे येऊन उभा राहिला आणि मिक्सरवरचे दिवे पाहू लागला. हिरव्यानंतर पिवळा लागला की तो माझ्या मनगटावर बोट टेकवायचा आणि मी फेडर, म्हणजे आवाजाची सरकती कळ, खाली घ्यायचो. आता दर एप्रिलला टेम्पोत त्याच्यासाठी बिनहाताची एक खुर्ची असते, आणि ती कुठे ठेवायची ते तोच दाखवतो.