चार पॅम्प्लेटं आणि एक टेप

ड्रॉवर आवरताना 2021 च्या महापालिका निवडणुकीची चार पॅम्प्लेटं सापडली. लाईट बिलांच्या खाली दाबून ठेवली होती. बेळगावात 58 वार्ड, 3 सप्टेंबरला मतदान, आणि पक्षाच्या चिन्हावर लढलेली ती पहिलीच निवडणूक, त्याआधी इथे मराठी की कन्नड एवढाच हिशेब असायचा. आता पुढची निवडणूक येईल तेव्हा हीच पॅम्प्लेटं नवीन फोटो टाकून येणार, म्हणून म्हटलं निवांत बसून वाचूया तरी, रस्ते-बस-ट्रॅफिकबद्दल कोण काय बोललाय ते.

पहिल्याने फ्लायओव्हर दिलाय. टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर गाडी जाईस्तोवर आपण सगळेच घाम पुसत उभे राहतो, त्यामुळे वाचायला बरं वाटतं, पण रुळांवरून पूल बांधायचा तर रेल्वे आणि राज्य सरकार बसून ठरवणार, नगरसेवक त्यात फार तर निवेदन देईल आणि उद्घाटनाला मागच्या रांगेत उभा राहील. दुसऱ्याने दर दहा मिनिटाला सिटी बस म्हटलंय. अरे बाबा, सिटी बस महापालिकेची आहे कुठे? ती वायव्य कर्नाटक परिवहनची, तिचं हेड ऑफिस हुबळीला. ही बस कॅम्पात शिरली की रस्ता कॅन्टोन्मेंट बोर्डाचा, आणि मच्छे-पिरनवाडीकडे गेली की महापालिकेची हद्दच संपली. रिक्षाच्या मीटरचंही तेच, भाडं ठरवणार डीसींच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या, अध्यक्षतेखालचं प्राधिकरण (मीटर पडलेला मी स्वतः कधी बघितलेला नाही, तो वेगळा विषय).

तिसरं पॅम्प्लेट महाराष्ट्र एकीकरण समितीच्या माणसाचं. आमच्या घरात मत कुठे जातं हे सांगायला नको, आजोबांपासून तेच चालत आलंय. सीमाप्रश्न आहे, मराठी पाट्या आहेत, हलगा-मच्छे बायपासला जमीन जाणाऱ्या शेतकऱ्यांना पाठिंबा आहे, आणि हे सगळं मला पटतं पण. पण वार्डातल्या रस्त्यांना शेवटी एकच ओळ, 'रस्ते, गटारी, पाणी यांची सोय करू', बस्स. मराठीतून परिपत्रकं मिळायलाच पाहिजेत, त्यात वाद नाही, पण ती आणायला आईला चालत जाता येईल असा रस्ता पण पाहिजे की वो.

चौथा अपक्ष. त्याचं पॅम्प्लेट एकरंगी, फोटोत शर्टाचं वरचं बटण लावायचं राहिलेलं. त्याने लिहिलंय फुटपाथ मोकळे करू, बस स्टॉपला शेड आणि बाकडं, दोन ठिकाणी पट्टे मारलेले स्पीड ब्रेकर, बाजारात पे पार्किंग. तेव्हा मी हसलो होतो, म्हटलं एवढंच? पण आता बघतोय तर चौघांत त्याच्याच गोष्टी महापालिकेच्या हातातल्या. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहरांकडे द्यायच्या 18 विषयांची यादी आहे, त्यात रस्ते-पूल आहेत, पार्किंग, बस स्टॉप, रस्त्यावरचे दिवे नावानिशी आहेत, बस चालवणं मात्र नाही. म्हणजे थांबा नगरपित्यांचा, त्यावर येणारी बस दुसऱ्याची! त्याने हे वाचून लिहिलं होतं की पैसे नव्हते म्हणून कमी आश्वासनं दिली, देव जाणे. पडला तो.

गंमत म्हणजे त्या निवडणुकीनंतर माझ्या घरात प्रवासाचा जो सगळ्यात मोठा बदल झाला तो चारीतल्या एकाही कागदावर नव्हता. 11 जून 2023 पासून कर्नाटकातल्या बायकांना साध्या बसमधून फुकट प्रवास सुरू झाला, आला थेट बेंगळूरहून. आई आधार कार्ड दाखवते, शून्य रुपयाचं तिकीट घेते आणि ते पण जपून पर्समध्ये ठेवते. चंदगडची मावशी आली की तिचं आधार महाराष्ट्राचं, त्यामुळे एकाच सीटवर दोघी बहिणी, एक शून्यात आणि एक पूर्ण तिकिटात. मावशी म्हणते, "तुमी इकडं लढा, मी तिकडं पैसे भरते!"

त्या प्रचारात मी एक येडेपणा केला होता. फुटपाथ रिकामा किमान 1.8 मीटर पाहिजे असं इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक आहे, साधारण सहा फूट. आमच्या कोपऱ्यावर टेप लावली. दुकानाच्या पायरीपासून लाईटच्या डीपीपर्यंत दोन फूट आठ इंच, आणि त्यातच एक स्कूटर. समोरचे काका म्हणाले, "काय मोजूलालास गा? घर विकूलालास काय?" तेवढ्यात त्या फ्लायओव्हरवाल्याची पोरं आली. मी विचारलं, फुटपाथ किती फुटाचा करणार तुमचे साहेब? एकाने अगदी गंभीर चेहऱ्याने "विचारून सांगतो" म्हटलं आणि टेप दोन मिनिटं मागितली. मला वाटलं मोजतोय. तर त्याला चौकातला बॅनर बसतो का बघायचा होता. साहेब निवडून आले, टेप काय परत आली नाही.