सयाजीरावांच्या तक्त्यातली सालं अखेर रांगेत आली

मंडळी, ‘साल’ कॉलमचा तिढा सुटला!

गेल्या वेळचा तक्ता आठवत असेल: बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या कार्यक्रमासाठी पॉवरपॉइंटमध्ये करतोय तो, सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीचा. १८८१ राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार, १८९३ अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग, १९०६ तेच शिक्षण संपूर्ण राज्यात, १९०८ बँक ऑफ बडोदा, १९११ दिल्ली दरबार. मजकूर बसला, रंग बसले, पण सालं काही केल्या एकाखाली एक येईनात. अनेक देवनागरी फॉन्टांत ‘१’ बारीक आणि ‘८’, ‘९’ ऐसपैस. १९११ मध्ये ‘१’ तीनदा येतो, म्हणून ते साल आक्रसतं. वरचं १८९३ मात्र अंग पसरून बसतं. डावीकडे जुळवा, उजवी कड दातेरी. उजवीकडे जुळवा, डावी कड दातेरी. मधोमध ठेवलं तर दोन्ही.

वर्डमध्ये आकडे सारख्या रुंदीचे करायची सोय फॉन्टच्या चौकटीत आहे. पॉवरपॉइंटच्या चौकटीत ती नाही, आणि असती तरी फॉन्टमध्येच तसे आकडे काढलेले असावे लागतात. अक्षरांमधलं अंतर वाढवून पाहिलं. ती जागा ‘१’च्या फक्त उजवीकडे पडते, त्यामुळे आकडा डावीकडे लोटल्यासारखा दिसतो. इंग्रजी आकडे वापरा असं काहींनी सुचवलं होतं. मराठी मजकुराशेजारी ते मला पटत नाहीत.

उपाय निघाला टॅबमधून. खान्यात नुसतं टॅब दाबलं की कर्सर पुढच्या खान्यात उडी मारतो, पण कंट्रोल धरून टॅब दाबलं की खान्याच्या आतच खरा टॅब पडतो. मग रूलर (स्लाइडच्या वरची मोजपट्टी) चालू केला आणि ‘साल’च्या खान्यात चार टॅब-थांबे (टॅब दाबल्यावर मजकूर जिथे जाऊन थांबतो त्या खुणा) दिले, चारही मध्य जुळणीचे, एकमेकांपासून ०.४ सेंमी अंतरावर. परिच्छेद डावीकडे जुळवलेला. आता टॅब-१-टॅब-९-टॅब-१-टॅब-१ असं लिहायचं, पहिल्या आकड्याआधीसुद्धा टॅब हवाच. प्रत्येक आकडा आपापल्या थांब्याच्या मधोमध येऊन उभा राहतो. ‘१’ कितीही बारीक असो, त्याच्या दोन्ही बाजूंना सारखी जागा. सगळी सालं शाळेच्या प्रार्थनेतल्या मुलांसारखी ओळीत उभी राहिली आणि मी ती स्लाइड पूर्ण पडद्यावर लावून नुसता बघत बसलो. मुख्य म्हणजे हे कुठल्याही फॉन्टला चालतं.

एकच सावधगिरी. असं लिहिलेलं १९११ शोधायला गेलं तर सापडत नाही, कारण मध्ये टॅब आहेत. म्हणून स्लाइडखालच्या टिपणात सालं सरळ लिहून ठेवतोय.

रेघांचंही सांगतो. देवनागरीत प्रत्येक शब्दावर शिरोरेघ असतेच. त्यात तक्त्याच्या ओळींच्या जाड रेघा मिसळल्या की सगळं पट्ट्यापट्ट्यांचं दिसायला लागतं. उभ्या रेघा मी कधीच काढून टाकल्या. आता आडव्याही कमी केल्या: शीर्षकाखाली एक ठळक, तळाशी एक, मधल्या सगळ्या राखाडी, आणि मजकूर रेघेला चिकटू नये म्हणून खान्याचा वरचा समास थोडा वाढवला. आधी मधल्या रेघा अर्ध्या पॉइंटच्या होत्या. लॅपटॉपवर देखण्या, पण हॉलमधल्या प्रोजेक्टरवर पार गायब. एक पॉइंट आणि जरा गडद राखाडी केल्यावर शेवटच्या रांगेतूनही दिसतात. नवा तक्ता घातला की आपोआप येणारी ती निळी पट्टेरी शैली मात्र पहिल्या मिनिटात काढाच. ती दिसली की तक्त्याला कुणाचा हात लागलेला नाही हे लगेच कळतं.

ओळीची उंची कमी होत नाही म्हणून कुणी अडलं असेल तर रिकामे खाने तपासा. दिसत काही नसलं तरी आत १८ पॉइंटचा आकार दडलेला असतो आणि तोच ओळ धरून ठेवतो. पूर्ण ओळ निवडून आकार १० केला की ओळीची उंची कमी करता येते. हे पाहताना झालेला आनंद वेगळाच.

पुढचा बेत होता महाराजांच्या वयाचा कॉलम जोडायचा. पण लिहिता लिहिता वाटतंय, तो नकोच. साल रुबाबात उभं राहिल्यावर त्याच्या शेजारी दुसरा आकडा गर्दी करेल. त्यापेक्षा १८८६ची गायनशाळा आणि १८९०चं कलाभवन या दोन ओळी घालतो. तयार ओळीखाली नवी ओळ घातली की थांबे आपोआप येतात, पुन्हा मोजायला नको.

करून बघणार असाल तर मापं लिहून घ्या: २० पॉइंटच्या आकड्यांना ०.४ सेंमी, २४ ला ०.५. आणि पहिला थांबा अगदी कडेला देऊ नका, नाहीतर पहिल्या ‘१’ला डावीकडे जागाच उरत नाही.