निसर्ग वादळाचा पंचनामा आणि आमच्या वाडीतल्या 83 पोफळी

बरेच दिवस लिहायचं मनात होतं. परवा एका मित्राने विचारलं की वादळात नुकसान झालं तर भरपाईसाठी नक्की काय काय करावं लागतं, त्याला फोनवर सांगता सांगता तासभर गेला, तेव्हा म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढू.

आमचं गाव रायगडच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-म्हसळा-मुरुड या पट्ट्यात. घर कौलारू, मागे आठ गुंठ्यांची वाडी. आजोबांनी लावलेल्या पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, मध्ये माड, पोफळींवर मिरीचे वेल, जायफळाची तीन झाडं, पाटाच्या कडेने केळी. 110 पोफळी आणि 14 माड. हा आकडा मला आज पाठ आहे, तेव्हा नव्हता, आणि पुढचा सगळा त्रास तिथूनच सुरू झाला असं म्हटलं तरी चालेल.

3 जून 2020 ला दुपारी निसर्ग वादळ किनाऱ्याला लागलं. मी डोंबिवलीत, लॉकडाऊनमध्ये अडकलेला. सकाळी अकराला आईशी शेवटचं बोलणं झालं, ती म्हणाली वारा वाढलाय, आम्ही मधल्या खोलीत बसतोय, आणि मग फोन बंद. चार दिवस काहीच नाही. टीव्हीवर मुंबई वाचली, मुंबई वाचली एवढंच चाललेलं, आणि इकडे आमच्या पट्ट्यात कुणाचाच फोन लागत नाही, टॉवरच बंद. ई-पास काढून मी 7 तारखेला निघालो. माणगाव सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं कापून ढकललेली आणि विजेचे सिमेंटचे पोल मधूनच मोडलेले, आतल्या सळया बाहेर आलेल्या, एक-दोन नाही तर ओळीने.

घरी पोचलो तर अण्णा, म्हणजे माझे वडील, वाडीत उभे होते. वाडीत इतका उजेड मी जन्मात पाहिला नव्हता. आमच्या वाडीत भर मे महिन्यातही दुपारी अंधारल्यासारखं असायचं, आणि आता वर नुसतं आभाळ. पोफळी एकाच दिशेला झोपलेल्या, काही कमरेतून मोडलेल्या, आणि माड मुळासकट उपटून बाजूच्या पोफळींवर पडलेले. घराची पुढची कौलं सगळी गेलेली, पडवीचे वासे मोडलेले, आईने धान्य पलंगावर ठेवून वर ताडपत्री घातलेली. पाऊस तर चालूच होता.

आता प्रोसेसबद्दल.

पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक येतात. आमच्याकडे 10 तारखेला आले. त्या माणसांना मी दोष देणार नाही, एकेका तलाठ्याकडे चार-पाच गावं, वीज नाही, नेट नाही, करोनाची भीती, छत्री धरून भिजक्या कागदावर लिहीत होते बिचारे. पण अडचण अशी झाली की ते यायच्या आधी दोन दिवस आम्ही वाट मोकळी करायला म्हणून बरीचशी झाडं कापून ओढून बाजूला टाकली होती. विहिरीपर्यंत जायलाच येत नव्हतं, करणार काय. मग तलाठी भाऊसाहेब विचारतात किती झाडं पडली, अण्णा म्हणतात ऐंशीच्या वर असतील, ते म्हणतात असतील नको, नक्की सांगा. शेवटी अण्णांनी चुन्याची डबी आणली आणि आम्ही दोघं एकेका बुंध्यावर चुन्याचं बोट ओढत फिरलो. एक ओढायचं, मोठ्याने आकडा म्हणायचा, पुढे जायचं. 83 पोफळी, 9 माड. काही बुंध्यांपाशी अण्णा थांबायचे, ही बाबांनी लावलेली, ही माझ्या लग्नाच्या वर्षीची, आणि मग पुढचा आकडा. मी मोबाईलमध्ये फोटो काढत होतो, तोही 12 टक्के चार्जिंगवर, कारण गावात चार्जिंग एकाच ठिकाणी, एकाने जनरेटर आणला होता त्याच्याकडे. म्हणून कुणालाही माझं पहिलं सांगणं हेच असतं, काहीही हलवायच्या आधी फोटो काढा, वाट कितीही अडलेली असली तरी आधी फोटो.

त्या दिवसांत बाहेर मोठी चर्चा चालू होती. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे 5 जूनला अलिबागला येऊन गेले आणि रायगडसाठी तातडीचे 100 कोटी जाहीर झाले. मग शरद पवारांचा दौरा झाला, त्यांच्या मागोमाग तेव्हाचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांचा. विरोधक म्हणत होते मदत तुटपुंजी आहे, सरकार म्हणत होतं आम्ही केंद्राच्या निकषांपेक्षा जास्त देतोय. आणि तसं दिलंही, पूर्ण पडलेल्या घराला 95,100 होते त्याचे दीड लाख केले, अंशतः पडझडीचे 6,000 होते त्याचे 15,000, आणि फळबागेला हेक्टरी 18,000 होते ते 50,000. ही वाढ योग्य होती, ती झाली म्हणून आमच्यासारख्यांना आधार मिळाला, हे मी कुणापुढेही म्हणेन.

पण हेक्टरी 50,000 हा आकडा टीव्हीवर ऐकायला मोठा वाटतो, आमच्या ओटीवर बसून हिशोब केला की वेगळाच निघतो. हेक्टर म्हणजे साधारण 100 गुंठे. म्हणजे गुंठ्याला 500 रुपये. आमच्या आठ गुंठ्यांचे 4,000. जुना निकष धरला असता तर 1,440. आणि एक पडलेला माड कापून, तुकडे करून वाडीबाहेर काढायला आम्ही तेव्हा 600 रुपये मजुरी देत होतो, तेही माणूस मिळाला तर, कारण गावातल्या प्रत्येकाच्या वाडीत तेच काम. म्हणजे नऊ माड नुसते बाजूला करण्यातच 5,400 गेले. देशावर शेत एकरात असतं, आमच्याकडे वाडी गुंठ्यात असते आणि त्या गुंठ्यात एकावर एक तीन-चार पिकं असतात, वर माड, मध्ये पोफळ, तिच्यावर मिरी, खाली केळ. क्षेत्र मोजून ती वाडी कळतच नाही. झाडंच मोजावी लागतात. ही मागणी गावागावातून झाली, सगळ्या पक्षांच्या लोकांनी ती उचलली, आणि शेवटी सरकारने झाडनिहाय मदत मान्य केली, माडाला 250 आणि पोफळीला 50 रुपये. आमचा हिशोब 4,150 आणि 2,250 मिळून 6,400 वर गेला. मान्य आहे की वाढला. पण पोफळ लावल्यापासून पहिलं शिपूट, म्हणजे सुपारीचा घड, दिसायला सहा-सात वर्षं जातात आणि मग ती पुढे तीस-चाळीस वर्षं देत राहते, त्या झाडाचे 50 रुपये लावताना कुणीतरी वाडीत येऊन बसायला हवं होतं असं मला आजही मनापासून वाटतं.

बरं, रक्कम ठरली म्हणजे हातात आली असं नाही. आमचा सातबारा सामाईक. त्यावर अण्णा, दोन काका, आत्या आणि वारलेले आजोबा, त्यांची वारस नोंद कुणी केलीच नव्हती. कोकणात दर दुसऱ्या घरात हीच कथा. पैसे एकाच्या खात्यात हवे तर बाकीच्यांचं संमतीपत्र द्यायचं, सह्या मूळ हव्यात, व्हॉट्सअॅपवरचा फोटो चालणार नाही. एक काका विरारला, त्यांची बिल्डिंग सील, आत्या पुण्यात, एसटी बंद. शेवटी छपराचे पत्रे घेऊन येणाऱ्या एका टेम्पोवाल्याच्या हाती कागद पाठवले-आणले, काकांनी सोसायटीच्या गेटवरून सही करून दिली. आत्याचा कागद यायला अठरा दिवस लागले. आत्या फोनवर रडत होती, म्हणाली अरे मला काही नको त्यातलं, लिहून घे काय हवं ते, पण ती वाडी परत उभी कर.

जुलैत ग्रामपंचायतीच्या बोर्डवर यादी लागली. नाव होतं. घराचे 15,000 बरोबर. वाडीच्या रकान्यात मात्र क्षेत्र आठच्या ऐवजी दोन गुंठे आणि झाडंही त्याच हिशोबाने कमी, म्हणजे चार हिस्से धरून एकच हिस्सा लावलेला, संमतीपत्र फाईलला लागलंच नव्हतं. मी तालुक्याच्या ऑफिसात गेलो तर आधी म्हणाले यादी वर गेली, आता काही होणार नाही. मी संमतीपत्राची पोच दाखवली, आवक नंबरचा शिक्का आणि तारीख असलेली. ती बघितल्यावर बोलणं बदललं, अर्ज करा म्हणाले. तर दुसरं सांगणं हे, कुठलाही कागद देताना झेरॉक्सवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. माझ्या शेजारी रांगेत एक आजोबा होते, त्यांनीही कागद दिला होता पण पोच नव्हती, ते तिसऱ्यांदा आले होते, बारा किलोमीटर, मिळेल त्या गाडीने.

घराचे पैसे जुलैअखेर आले, वाडीचे पूर्ण पैसे यायला ऑक्टोबर उजाडला. मध्ये बँकेने केवायसी नाही म्हणून खातंच थांबवून ठेवलेलं, त्यात दोन आठवडे गेले. म्हणून वादळाची वाट न बघता दर मे महिन्यात पासबुक भरून आणा, आधार जोडलेलं आहे का ते विचारून या.

पैशापेक्षा मला जास्त लागलेली गोष्ट शेजारच्या काकूंची. त्या एकट्या राहतात, जुनं मातीच्या भिंतींचं घर. वादळात छप्पर गेलं, भिंती उभ्या राहिल्या, पंचनाम्यात अंशतः असं लिहिलं गेलं. पत्रे मिळत नव्हते, मिळाले तर दर वाढलेले, महिनाभर ते घर उघड्यावर भिजलं आणि जुलैमध्ये एका रात्री मागची अख्खी भिंत बसली. मग फेरपंचनाम्यासाठी अर्ज केला तर उत्तर मिळालं, भिंत पावसाने पडली, वादळाने नाही. काकूंनी मला विचारलं, अरे छप्पर नेलं कुणी मग? ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आम्ही दोन अर्ज केले, सरपंच सोबत आले, पण कागदावर अंशतः ते अंशतःच राहिलं. मला वाटतं पंचनामा एका दिवसात संपायला नको. छप्पर गेलेल्या घराकडे महिन्याने परत येऊन बघायची सोय निकषातच हवी, विशेषतः जिथे वादळ जूनमध्ये येतं आणि पुढे चार महिने पाऊस असतो.

केंद्राचं पथक जूनमध्येच येऊन पाहून गेलं होतं, आणि नोव्हेंबरात महाराष्ट्राला निसर्गसाठी 268.59 कोटी मंजूर झाल्याची बातमी आली. तोवर राज्याने कधीच वाटप केलं होतं, त्यामुळे आमच्याकडे लोकांना ती बातमी कुणा दुसऱ्याचीच वाटली. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, गुजरातला तातडीने 1,000 कोटी जाहीर झाले, त्यावरून पुन्हा वाद पेटला. ते वाद व्हायलाच हवेत, माझं काही म्हणणं नाही. पण निसर्गनंतर आमच्या गावात वीज यायला तेवीस दिवस लागले आणि नवे पोल उभे राहिले ते जुन्याच जागी, त्याच माडांच्या ओळीखाली, तारा परत वरूनच. तौक्तेला पुन्हा सहा दिवस अंधार. किनाऱ्यावर भूमिगत केबल आणि निवारा केंद्रं यावर तेव्हा सगळेच बोलत होते, त्याचा पाठपुरावा आपणच ग्रामसभेत करायला हवा. आम्ही दर वर्षी विषय लिहून देतो.

वाडी लावली परत. रोजगार हमीतून लागवडीची योजना होती, जॉब कार्ड काढावं लागलं, ते तुलनेने सरळ झालं. पण रोपं मिळेनात, कारण सगळ्यांना एकाच वेळी हवी. आणि पोफळीच्या रोपाला सावली लागते हे कुठल्याच निकषात नव्हतं. माड पडलेले, ऊन थेट खाली, पहिल्या उन्हाळ्यात आमची अर्धी रोपं करपली. मग अण्णांनी आधी केळी लावली, केळीची सावली धरली आणि तिच्या आडोशाला पुन्हा पोफळी. त्यात एक वर्ष गेलं. आज त्यातल्या 61 पोफळी उभ्या आहेत, माड नवे सात. बऱ्याचशा माझ्या डोक्याच्या वर गेल्यात.

आता ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावरची पिकांची नोंद, मोबाईलवरून करता येते. यंदा अण्णांना घेऊन वाडीत गेलो, आणि एकेका झाडाला हात लावत दोघांनी मोजलं, जुन्या राहिलेल्या 27 आणि 5, नव्या 61 आणि 7. झाडांची संख्या अॅपमध्ये भरली, वाडीचा फोटो टाकला, सातबाऱ्याची प्रिंट काढून आणली. अण्णांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली आणि काकूंना दाखवायला घेऊन गेले.