राजवाड्यात आणि राजवाड्यावर

साताऱ्यात कोणी ‘राजवाड्यावर जाऊन येतो’ म्हटले, तर तो गांधी मैदानावर भेळ खायला किंवा बस पकडायला निघाला आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. माझे आजोबा मात्र आयुष्यभर ‘राजवाड्यात जातो’ असेच म्हणत. ते वकिलाचे कारकून होते आणि त्या काळी नव्या राजवाड्यात न्यायालय भरत असे. लाल फडक्यात बांधलेले दप्तर काखेत मारून ते रोज सागवानी खांबांमधून आत जात, त्यामुळे ‘वर’ आणि ‘आत’ यांतला फरक त्यांच्या बोलण्यात आपोआप आला होता. आम्ही भेळवाले, इमारतीकडे पाठ करून बसणारे.

१८१८ मध्ये इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंहांना गादीवर बसवले. त्यांनी १८२४ च्या सुमारास जुना राजवाडा बांधला. पण १८३९ मध्ये इंग्रजांनीच त्यांना पदच्युत करून काशीला धाडले. त्यांच्या जागी आलेले बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांनी जुन्याला लागूनच नवा वाडा उभारला. तो १८४४ मध्ये पूर्ण झाला, १८४८ मध्ये आप्पासाहेब वारले, दत्तक नामंजूर झाले आणि राज्य खालसा झाले. जेमतेम चार वर्षांच्या दरबारासाठी एवढे सागवान तासले गेले, हे मनात आले की मला गवंड्या-सुतारांचीच अधिक कीव येते.

राजे गेले तरी वाडे ओस पडले नाहीत, कारण त्यांत कामे चालू राहिली. जुन्या राजवाड्यात सरकारी हायस्कूल भरू लागले, ते आजचे प्रतापसिंह हायस्कूल. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथे एका मुलाचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे, आणि तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. ज्या वाड्यात एकेकाळी मुजरा केल्याशिवाय पाऊल टाकता येत नसेल, तिथे हा मुलगा रोज दप्तर घेऊन जात होता.

न्यायालय पुढे दुसरीकडे हलले आणि नव्या वाड्यात कामासाठी जाणारे कोणी उरले नाही. परवा भेळेचा कागद हातात धरून मी मुद्दाम त्याच्याकडे तोंड करून बसलो, तेव्हा दरवाजा बंद होता. शेजारच्या शाळेची घंटा झाली, पोरे धावत बाहेर आली आणि त्यातले दोघे सरळ भेळेच्या गाड्यापाशी येऊन उभे राहिले.