लष्करातल्या तोफा कुठे गेल्या?

ग्वाल्हेरच्या ज्या भागात आमच्या घराची चौथी पिढी राहते त्याचे नावच लष्कर. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी येथे पडली आणि तंबूंच्या जागी पुढे वाडे उभे राहिले. गेल्या महिन्यात भाच्याला जयविलास राजवाड्याचे संग्रहालय दाखवायला नेले, तेव्हा तलवारी, ढाली आणि बंदुका पाहून झाल्यावर त्याने विचारले, "मामा, पण तोफा कुठे आहेत?"

प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा होता. महादजींच्या फौजेचा दरारा तलवारीपेक्षा त्यांच्या पदरी असलेल्या द बॉयन या युरोपीय सेनानीने उभ्या केलेल्या कवायती पलटणींचा आणि आग्र्याच्या कारखान्यात ओतलेल्या तोफांचा होता. 1 नोव्हेंबर 1803 रोजी लासवारीला इंग्रजांशी झालेल्या लढाईत या पलटणी आपल्या फ्रेंच अधिकाऱ्यांवाचून लढल्या, आणि गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत, हे खुद्द इंग्रज सेनापती लॉर्ड लेक यानेही मान्य केले. तरीही संग्रहालयातल्या पाटीवर तलवार कोणाची एवढेच असते. गोलंदाजाची आठवण ठेवणारी पाटी मला अद्याप दिसलेली नाही.

तलवार घराण्याची असते, बापाकडून मुलाकडे जाते, म्हणून ती टिकते. तोफ मात्र दौलतीची, हार झाली की पहिल्यांदा तीच जप्त होते, आणि पंचरसी, म्हणजे मिश्रधातूची, असेल तर तिची धातू वितळवून हवी तशी वापरता येते. 29 डिसेंबर 1843 रोजी एकाच दिवशी महाराजपूर आणि पनियार येथे शिंद्यांची फौज हरली. त्यानंतरच्या तहाने फौज 9,000 माणसांवर आणि तोफा 32 वर आणल्या गेल्या. (शिवपुरीच्या वाटेवर पनियारवरून आपण सगळेच जातो, थांबतो मात्र क्वचित.) जप्त तोफांच्या धातूतून इंग्रजांनी आपल्या सैनिकांसाठी सहा टोकांच्या ताऱ्याचे पदक घडवले, त्याच्या मधोमध लढाईचे नाव असलेला लहान चांदीचा तारा बसवला, आणि कोलकात्यात हुगळीच्या काठी 1847 मध्ये उभारलेल्या स्मारकाच्या वरच्या भागालाही तीच धातू लावली.

हे सारे भाच्याला घरी परतताना, रिक्षात सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मग आपल्या तोफा बघायला कोलकात्याला जावे लागेल!"